पहाटेचे प्रोटॉन: वैश्विक किरणांच्या डिटेक्टरमध्ये कणांची ओळख कशी सुधारायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अवकाशातून येणारे वैश्विक किरण टिपायला कॉलेजच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) चार पाट्या एकाखाली एक लावल्या आहेत. प्रत्येक पाटी ३० सेमी लांब-रुंद, १ सेमी जाड आणि प्रत्येकीला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे त्या चमकेचं विजेच्या ठोक्यात, पल्समध्ये, रूपांतर करणारा सेन्सर. पल्सचा सगळा आकार डिजिटायझर साठवतो. गीअँट-४ या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन करून तुम्ही एक न्यूरल नेटवर्क शिकवलंत. ते म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद), इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन ९७ टक्के अचूकतेनं ओळखतं. पण खऱ्या डेटावर लावलं की पहाटे प्रोटॉन वाढतात, दुपारी घटतात, पाऊस आला की इलेक्ट्रॉन वाढतात. नेटवर्क मोठं करावं का? आणि यातूनच पुढे आकाशातून येणारे गॅमा किरण ओळखता येतील का?

नेटवर्कला तूर्त हात लावू नका. पंचवीसएक वर्षं मी डिटेक्टरांच्या मागे घालवली, त्यातली निम्मी तरी ओळख ‘सुधारण्यात’ गेली. जेव्हा जेव्हा ती खरोखर सुधारली, तेव्हा कणाबद्दलचं आधी हाती नसलेलं एखादं स्वतंत्र मोजमाप मिळालेलं असायचं. जुन्याच आकड्यांवर नवं गणित चालवलं की आधी सांडत होतं तेवढं फार तर भरून निघतं. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी त्या ९७ टक्क्यांचं बघू, कारण तो आकडा फार गोड आहे. जमिनीवर पोचणाऱ्या भारित कणांत म्युऑनच बहुसंख्य. चारही पाट्यांतून आरपार गेलेलेच कण निवडले की कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणखी गळतात. तुमच्या सिम्युलेशनमध्ये शंभरात पंच्याण्णव म्युऑन असतील, तर डोळे मिटून प्रत्येकाला ‘म्युऑन’ म्हणणाऱ्या यंत्रालाही ९५ टक्के गुण पडतात. प्रोटॉनचं तर आणखी अवघड. समजा हजार कणांत १० प्रोटॉन आणि ९९० म्युऑन आहेत. नेटवर्कनं दहापैकी नऊ प्रोटॉन पकडले आणि म्युऑनपैकी फक्त दोन टक्क्यांना चुकून प्रोटॉन म्हटलं, तर खोटे प्रोटॉन झाले वीस. म्हणजे ‘प्रोटॉन’ असा शिक्का बसलेल्या २९ कणांपैकी २० म्युऑन आहेत, आणि तरी तुमची अचूकता भरते ९७.९ टक्के! म्हणून अचूकता हा शब्दच वहीतून काढून टाका. प्रत्येक जातीसाठी दोन आकडे लिहा: खऱ्यांपैकी किती सापडले आणि सापडलेल्यांपैकी किती खरे. दुर्मीळ कणाच्या बाबतीत दुसरा आकडाच सगळं ठरवतो, आणि तो सुधारायला म्युऑन नाकारण्याची ताकद शंभरपटीनं, हजारपटीनं वाढवावी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या एएमएस-०२ या डिटेक्टरला प्रोटॉनांच्या गर्दीतून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन भाराचे प्रतिकण) वेचायचे असतात. तिथे दहा लाखांत एक प्रोटॉन चुकून सुटला तर चालतो, इतकी कडक चाळणी आहे. आणि ती एका डिटेक्टरनं साधलेली नाही. ट्रान्झिशन रेडिएशन (अतिवेगवान कणानं दोन पदार्थांची सीमा ओलांडताना सोडलेले क्ष-किरण), चुंबकातला वळलेला मार्ग आणि कणाची ऊर्जा मोजणारा १७ रेडिएशन लांबीचा (हे एकक पुढे येईल) कॅलरीमीटर या तिघांची साक्ष जुळावी लागते.

आता तुमचे पहाटेचे प्रोटॉन. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचं ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर गेल्यावरच तो काम करतो ती मर्यादा) तापमानाबरोबर वर सरकतं, मॉडेलप्रमाणे अंशाला साधारण २० ते ५५ मिलिव्होल्ट. तुम्ही बाहेरून देता तो व्होल्टेज स्थिर असेल तर गरम झाल्यावर वरचा उरलेला व्होल्टेज घटतो आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पटीनं वाढतो तो आकडा, पडतो. पत्र्याखालची खोली एप्रिलमध्ये पहाटे २० अंशांना आणि दुपारी ४० अंशांना जात असेल, आणि वरचा व्होल्टेज ३ व्होल्ट असेल, तर गेन १५ ते ३५ टक्क्यांनी हलतो. प्रोटॉन म्हणजे तुमच्या नेटवर्कच्या लेखी काय? मोठी पल्स. पहाटे सगळ्याच पल्स फुगतात, म्युऑनची शेपटी सीमारेषा ओलांडते आणि प्रोटॉनांचं पीक येतं. आमच्याकडे एका विद्यार्थ्यानं या वाढीचं नातं थेट सूर्याशी जोडून अर्धा शोधनिबंध लिहून ठेवला होता. मी काही बोललो नाही. गरम पाण्याची रबरी पिशवी आणून इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यावर ठेवली. दहा मिनिटांत प्रोटॉन गायब. तो बिचारा खूप वेळ पिशवीकडे बघत राहिला. तुम्हीही हा प्रयोग करून बघा, खर्च शून्य आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. प्रत्येक बोर्डावर सेन्सरला चिकटून थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा घटक) लावा आणि त्यानुसार व्होल्टेज दुरुस्त करा. शिवाय दर अर्ध्या तासाच्या डेटातून म्युऑनचं शिखर (सर्वाधिक म्युऑन जेवढ्या उंचीची पल्स देतात ती उंची) स्वतंत्रपणे काढा आणि प्रत्येक पल्सला त्या उंचीनं भागा. म्हणजे पल्सचं माप ‘इतके मिलिव्होल्ट’ असं न राहता ‘इतके म्युऑन’ असं होतं. या क्षेत्रातल्या प्रत्येकाचं पहिलं नाणं हेच आहे. वेगानं जाणारा म्युऑन १ सेमी प्लास्टिकमध्ये सरासरी २ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) आसपास ऊर्जा टाकतो, मग तो कोल्हापुरात असो की अर्जेंटिनात. तिथल्या पिएर ओझे या वैश्विक किरणांच्या वेधशाळेच्या पाण्याच्या टाक्यांतही सिग्नल असाच मोजतात: टाकीच्या मधोमध सरळ खाली गेलेल्या एका म्युऑननं दिलेला प्रकाश म्हणजे एक एकक.

पावसाच्या इलेक्ट्रॉनांचं उत्तर त्याहून सोपं. पावसाचे थेंब हवेतली रेडॉन या किरणोत्सारी वायूची पिलावळ धुवून खाली आणतात. त्यातले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ हे गॅमा सोडतात आणि त्यांचं अर्धायुष्य २७ आणि २० मिनिटांचं आहे, म्हणून सर थांबल्यावर तासाभरात वाढ ओसरते. हे गॅमा एकेका पाटीत बारीक पल्स देतात. चार पाट्यांच्या कोइन्सिडन्समध्ये, म्हणजे चारही एकाच वेळी वाजण्यात, ते यायलाच नकोत. येत असतील तर तुमची कोइन्सिडन्सची खिडकी फार रुंद आहे किंवा थ्रेशोल्ड (पल्स मोजली जायला लागणारी किमान उंची) फार खाली. दोन पाट्या प्रत्येकी सेकंदाला १०० वेळा वाजत असतील आणि प्रत्येकीची पल्स १०० नॅनोसेकंदांची धरली, तर नुसत्या योगायोगानं तासाला सात खोट्या जोड्या जमतात. गोंगाट हजारावर गेला की त्याच्या शंभरपट. दुर्मीळ प्रोटॉन शोधणाऱ्याला ते परवडणार नाही.

इथपर्यंत फक्त घर झाडून झालं. आता पाट्यांतून आणखी काय निघतं ते पाहू.

पातळ पाटीतल्या ऊर्जेचं वितरण घंटेसारखं नसतं. ते लँडाउ वितरण असतं, उजवीकडे लांब शेपटी असलेलं. अधूनमधून म्युऑन एखाद्या इलेक्ट्रॉनला जोरात टोला हाणतो आणि तेवढ्या एका पाटीत दुप्पट-तिप्पट ऊर्जा पडते. सरासरी घेतली की असा एक टोला सगळं बिघडवतो. म्हणून चारपैकी सर्वांत मोठे दोन आकडे टाकून द्या आणि धाकट्या दोघांची सरासरी घ्या. फुकट मिळणारी सुधारणा आहे ही, आणि बऱ्याचदा तुमच्या नेटवर्कनं आतल्या आत हेच शिकलेलं असतं. ३०० एमईव्हीचा प्रोटॉन पाट्यांत म्युऑनच्या साधारण पावणेदोनपट ऊर्जा टाकतो, आणि ती चारही पाट्यांत टाकतो. म्युऑनचा टोला चारही ठिकाणी बसणं फार विरळा. मात्र १ जीईव्हीच्या (हजार एमईव्हीच्या) पुढचा प्रोटॉन या पाट्यांना म्युऑनसारखाच दिसतो. तिथे नेटवर्कनं ‘प्रोटॉन’ म्हटलं तर ते अंदाजपंचे समजा.

कोनाचंही भान ठेवा. ४५ अंशांत तिरका आलेला म्युऑन पाटीतून १.४ पट लांब वाट चालतो आणि तेवढीच जास्त ऊर्जा टाकतो. तुमच्या पाट्यांना कण कुठून गेला ते कळत नाही. म्हणून वरची आणि खालची पाटी निदान एक मीटर लांब ठेवा. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेला कणही उभ्या रेषेपासून २३ अंशांच्या आतच राहतो आणि वाटेतला फरक नऊ टक्क्यांच्या वर जात नाही. किंमत म्हणून मोजणी घटेल. सपाट पाटीवर दर चौरस सेमीला मिनिटाला एक, म्हणजे तुमच्या एका पाटीतून सेकंदाला पंधराएक म्युऑन जातात. मीटरभर अंतरावरच्या दोन पाट्यांतून सेकंदाला एकाहूनही कमी. दिवसाला तरी पन्नास हजारांच्या घरात मिळतात. शिखर काढायला अर्ध्या तासाचे हजारएक पुरतात.

आता मुख्य गोष्ट: शिसं. सगळं पत्र वाचून तुम्ही एवढं एकच केलंत तरी मला चालेल.

इलेक्ट्रॉन आणि म्युऑन पातळ प्लास्टिकमध्ये जुळ्या भावांसारखे दिसतात, पण जड धातूत शिरले की त्यांचं पितळ उघडं पडतं. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड आहे. त्यामुळे अणुकेंद्राजवळून जाताना तो फारसा हेलपाटत नाही आणि गॅमा सोडत नाही. शिशात दर सेमीला १२-१३ एमईव्ही असा ठरावीक कर भरत तो सरळ निघून जातो. इलेक्ट्रॉन मात्र शिशाच्या दर ५.६ मिलिमीटरला, म्हणजे एका रेडिएशन लांबीत, आपली बहुतेक ऊर्जा गॅमांच्या रूपात उधळतो; त्या गॅमांतून नव्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या निघतात आणि धबधबा सुरू होतो. या धबधब्याचं गणित १९३७ मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. त्याच सुमाराला अँडरसन आणि नेडरमायर यांनी क्लाउड चेंबरमध्ये (कणांच्या वाटा बाष्पाच्या रेषांनी दाखवणाऱ्या पेटीत) १ सेमी प्लॅटिनमची पट्टी ठेवून येणाऱ्या कणांची ऊर्जा पट्टीच्या आधी आणि नंतर मोजली, तर कणांचे सरळ दोन गट पडले: एक गट पट्टीत भरपूर ऊर्जा गमावणारा, दुसरा जवळजवळ काहीच न गमावणारा. तो दुसरा गट म्हणजे म्युऑन. थोडक्यात, म्युऑनचा जन्मच कणांची ओळख सुधारण्यातून झाला, आणि तोही मध्ये एक धातूची पट्टी ठेवून.

तुमच्याकडे शिसं दोन ठिकाणी हवं, दोन वेगळ्या कामांसाठी. पहिला थर पातळ, दीड ते दोन सेमी. याच्या वरच्या पाट्यांत एक-म्युऑनभर सिग्नल आणि लगेच खालच्या पाटीत तीन-चार म्युऑनभर असा उठाव दिसला, तर तो काहीशे एमईव्हीचा इलेक्ट्रॉन. म्युऑनला दोन्हीकडे एकच. खालच्या पाटीतला असा उठाव ब्रूनो रॉसी यांना १९३० च्या दशकात दिसला होता, आणि दीड-दोन सेमी शिशापाशीच तो सर्वांत जास्त असतो. याहून कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन या थरातच विरून जाईल. तीही खूणच आहे, पण कच्ची, कारण कण पाटीच्या बाजूनं निसटला तरी असंच दिसतं. दुसरा थर जाड, १० सेमी. तो १८ रेडिएशन लांब्यांचा होतो आणि त्यातून इलेक्ट्रॉनचा धबधबा बाहेर पडत नाही. म्युऑनला मात्र त्यात सव्वाशे एमईव्हीच्या आसपासच गमवावे लागतात आणि त्याची सरासरी ऊर्जा ४ जीईव्ही असते, त्यामुळे तो हसतहसत पार होतो. मग सर्वांत खालची पाटी वाजली की वरून गेलेला कण म्युऑन, हे जवळजवळ नक्की.

दीड सेमीचा थर १५ किलोचा, १० सेमीचा १०२ किलोचा. लॅबच्या लाकडी टेबलावर ठेवायचा विचारही करू नका. अँगलची चौकट वेल्ड करून घ्या आणि ती खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईवर येईल अशी ठेवा. शिशाच्या विटा एक्स-रे शील्डिंगची कामं करणाऱ्यांकडे मिळतात. एवढं शिसं नाहीच जमलं तर लोखंडाच्या प्लेटा घ्या; १० सेमी लोखंड म्हणजे पावणेसहा रेडिएशन लांब्या, शिशाइतका चांगला नाही पण तुमच्या कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना बऱ्यापैकी पुरतो. काही जण इमारतीचा स्लॅबच वापरतात आणि खालची पाटी खालच्या मजल्यावर ठेवतात. कल्पना छान, पण १५ सेमी काँक्रीट जेमतेम सव्वा रेडिएशन लांबीचं असतं. तीन-चार मजले उतरल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि तोवर दोन पाट्या एकमेकींना इतक्या अरुंद कोनातून बघतात की दिवसाकाठी हाताला फार थोडं लागतं.

शिशामुळे तुम्हाला आणखी एक गोष्ट मिळते, आणि तिचं मोल मला जास्त वाटतं: खऱ्या डेटातली लेबलं. आतापर्यंत नेटवर्कला ‘हा म्युऑन, हा इलेक्ट्रॉन’ हे सिम्युलेशन सांगत होतं. त्यात तुमच्या पाटीच्या कडेला टेप नीट न लागल्यानं गळणारा प्रकाश नाही, डिंक सुटलेला ऑप्टिकल फायबर नाही, पहाटेची थंडी नाही. आता जाड शिशापलीकडची पाटी ‘म्युऑन’ असा शिक्का देईल, आणि तो शिक्का बसलेल्या कणांनी वरच्या पाट्यांत काय केलं ते तुम्ही निर्धास्त बघू शकता, कारण वरच्या पाट्यांना निवडीत मत नव्हतं. पातळ शिशाखालचा उठाव अधिक सर्वांत खाली शांतता, हा इलेक्ट्रॉनचा शिक्का. हे दोन ढीग करा आणि नेटवर्क, अगदी हवंच असेल तर, त्यांच्यावर शिकवा. पाट्या चारच्या सहा करता आल्या तर उत्तम: वर तीन, मग पातळ थर, मग दोन, मग जाड थर, मग एक.

इथे एक खड्डा आहे, मी स्वतः पडलो होतो. म्युऑनचा आणखी शुद्ध नमुना हवा म्हणून मी पाटीत थांबून विघटन पावणारे म्युऑन निवडले. थांबलेला म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी इलेक्ट्रॉन सोडतो. प्लास्टिकमधले ऋण म्युऑन कार्बनच्या अणूत अडकून काही गिळले जातात, म्हणून मोजलेली सरासरी थोडी कमी येते, २.१ च्या आसपास. पहिल्या पल्सनंतर दुसरी पल्स या अंतरानं आली की म्युऑन पक्का, यात शंकाच नाही. पण हे म्युऑन थांबायला टेकलेले, म्हणजे संथ असतात, आणि संथ कण वाटेत जास्त ऊर्जा टाकतो. त्यांच्यावर कॅलिब्रेशन केलं आणि आमचं एकक पाच-सहा टक्क्यांनी फुगलं. नमुना शुद्ध होता, पण प्रातिनिधिक नव्हता. विघटन होणारे म्युऑन वेळेचं मोजमाप तपासायला वापरा, उंचीचं नको.

प्रोटॉनसाठी शिसं फारसं कामाचं नाही. तिथे वेग मोजायला हवा. एक मीटर जायला प्रकाशवेगाच्या कणाला ३.३ नॅनोसेकंद लागतात, ३०० एमईव्हीच्या प्रोटॉनला ५.१. हा पावणेदोन नॅनोसेकंदांचा फरक दिसायला पाट्यांची वेळ अर्ध्या नॅनोसेकंदात यायला हवी. ३० सेमीच्या पाटीला एकाच कोपऱ्यात सेन्सर असेल तर ते जमणार नाही. समोरासमोर दोन सेन्सर लावून वेळेची सरासरी घ्या. मोठी पल्स थ्रेशोल्ड लवकर ओलांडते, म्हणून पल्सच्या ठरावीक टक्के उंचीवर वेळ घ्या. तुमच्याकडे आख्खा आकार साठवलेला आहेच.

याहून स्वस्त आणि मला आवडणारा मार्ग पाण्याचा. पाण्यात चेरेन्कोव्ह प्रकाश फक्त प्रकाशवेगाच्या ७५ टक्क्यांहून वेगवान भारित कणच देतो. म्युऑनला त्यासाठी ५५ एमईव्ही गतिज ऊर्जा पुरते, इलेक्ट्रॉनला पाव एमईव्ही, प्रोटॉनला मात्र ४८५ एमईव्ही लागते. म्हणजे तुमचा ३०० एमईव्हीचा प्रोटॉन पाट्यांमध्ये मोठ्यानं बोलतो आणि पाण्यात मौन पाळतो. सगळ्या म्युऑनांना बोलायला लावणारी आणि संथ प्रोटॉनलाच गप्प बसवणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. झाकणाचा अपारदर्शक ड्रम, आतून पांढरं परावर्तक अस्तर, डिमिनरलाइज्ड पाणी आणि वरून खाली बघणारा एक फोटोमल्टिप्लायर. नळाचं पाणी वापरलंत तर दोन आठवड्यांत आत शेवाळ दिसेल आणि प्रकाश निम्मा होईल. आणि ‘मौन’ ही खूण मानायची असेल तर ड्रमची कार्यक्षमता म्युऑनवर आधी मोजून घ्या: शंभरापैकी दोन म्युऑन ड्रमला दिसलेच नाहीत, तर तेही प्रोटॉन म्हणून मोजले जातील आणि आपण पुन्हा त्या २९ पैकी २० वर येऊ.

आता गॅमा. इथे प्रश्नच बदलतो. आतापर्यंत आपण छपरावर पोचलेल्या कणाची जात विचारत होतो. आकाशातून आलेला मूळ कण गॅमा होता, प्रोटॉन होता की लोखंडाचं अणुकेंद्र, हे तुमच्या पाट्यांच्या एका चळतीला कळणं शक्य नाही. तो कण वीसएक किलोमीटर वरच हवेवर आदळून फुटलेला असतो. जमिनीवर येतो त्याचा शॉवर, म्हणजे फुटलेल्या तुकड्यांचा वर्षाव, आणि तुमच्या पाटीला त्यातला एखादाच तुकडा लागतो. त्याला मैदानभर पसरलेले डिटेक्टर लागतात.

पण युक्ती तीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग उटीला, २२०० मीटर उंचीवर आहे. तिथे सुमारे ४०० प्लास्टिक सिंटिलेटर ८ मीटरच्या अंतरानं पसरलेले आहेत. ते शॉवरमधले इलेक्ट्रॉन मोजतात. त्यांच्या शेजारी ५६० चौरस मीटरचा म्युऑन डिटेक्टर आहे: ३७१२ लांब, चौकोनी पोलादी नळ्या, आत वायू, चार थरांत आडव्या-उभ्या रचलेल्या आणि वर दोन मीटर जाडीचं काँक्रीट. तुमचं १० सेमी शिसं तिथे दोन मीटर काँक्रीट झालं आहे, एवढंच. १ जीईव्हीखालचं सगळं त्यात अडतं. गॅमानं केलेल्या शॉवरमध्ये म्युऑन जवळजवळ नसतातच, प्रोटॉनच्या शॉवरमध्ये भरपूर असतात. वर इलेक्ट्रॉनांची गर्दी आणि खाली सामसूम असेल तर मूळ कण गॅमा असण्याची शक्यता दाट. चीनच्या लासो वेधशाळेनं २०२१ मध्ये १.४ पेटाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (१४ लाख जीईव्हीचा) गॅमा जाहीर केला, त्यामागेही मातीखाली पुरलेल्या म्युऑन डिटेक्टरांची साक्ष आहे.

प्रोटॉन आणि लोखंड वेगळे करणं मात्र कमालीचं किचकट. लोखंडाचं अणुकेंद्र म्हणजे ५६ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन), प्रत्येकाकडे ऊर्जेचा छप्पन्नावा हिस्सा. हिशेब केला तर त्याच ऊर्जेच्या प्रोटॉनपेक्षा लोखंडाच्या शॉवरमध्ये म्युऑन दीडपटच जास्त निघतात, आणि एकाच जातीच्या दोन शॉवरांमधला चढउतार या फरकाला सहज झाकून टाकतो. म्हणून जाणकार तिथे एकेका शॉवरवर शिक्का मारत नाहीत. म्युऑनसंख्येचं सगळं वितरण घेऊन त्यात कोणाचा किती वाटा, एवढंच उलगडतात. ग्रेप्स-३ नं २०२४ मध्ये प्रोटॉनच्या ऊर्जापटात १६६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (१ लाख ६६ हजार जीईव्हीच्या) आसपास एक वळण दाखवलं, ते असंच. तुमच्या १ जीईव्हीच्या प्रोटॉनसाठीही हाच मार्ग: प्रत्येकाला नाव द्यायचा हट्ट सोडा, ढिगातला वाटा काढा.

अर्जेंटिनातल्या पिएर ओझेनं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. त्यांच्याकडे ३००० चौरस किलोमीटरवर १२-१२ हजार लिटरच्या १६६० टाक्या होत्या. इतका डेटा, इतकी हुशार माणसं. तरी टाकीतल्या प्रकाशातला म्युऑनचा वाटा किती आणि इलेक्ट्रॉन-गॅमांचा किती, हे एका आकड्यातून नीट सुटेना. शिवाय सर्वांत मोठ्या शॉवरांत सिम्युलेशन सांगतं त्याहून जास्त म्युऑन सापडत होते, म्हणजे सिम्युलेशनच्या लेबलांवरही भिस्त ठेवता येईना. शेवटी त्यांनी टाक्यांच्या डोक्यावर जवळपास चार चौरस मीटरचा सिंटिलेटर बसवला. पाणी म्युऑनला जास्त दाद देतं, पातळ सिंटिलेटर इलेक्ट्रॉनला. दोन अज्ञात, दोन समीकरणं. नववीतलं गणित, फक्त एक समीकरण विकत आणावं लागलं.

सगळं झाल्यावर तुमचे प्रोटॉन खरे आहेत का, हे तपासायची माझी आवडती कसोटी सांगतो. त्यासाठी एक बॅरोमीटर लागतो. हवेचा दाब वाढला म्हणजे डोक्यावर हवा जास्त, कण कमी. म्युऑन दर मिलिबारला ०.१ ते ०.२ टक्क्यांनी घटतात. प्रोटॉन-न्यूट्रॉनांचं कुटुंब मात्र ०.७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कितीतरी जास्त. महाराष्ट्रात जुलै आणि जानेवारीच्या सरासरी दाबात दहाएक मिलिबारचा फरक पडतो. म्हणजे खरे प्रोटॉन दोन ऋतूंत सात टक्क्यांनी बदलायला हवेत आणि म्युऑन जेमतेम दीड टक्क्यानं. तुमचा प्रोटॉनचा ढीग म्युऑनच्याच चालीनं हलत असेल तर तो वेषांतर केलेल्या म्युऑनांचा ढीग आहे. महिन्याला पंधराएक हजार प्रोटॉन जमले तर आकडेवारीतली चूक एका टक्क्याखाली राहते, तेव्हा हे आवाक्यातलं आहे. अट एकच: तापमानाची दुरुस्ती पक्की हवी. जुलै आणि जानेवारीत खोलीचं तापमानही सारखं नसतं, आणि पुन्हा ती रबरी पिशवी आठवावी लागेल.

पैसे थोडेच असतील तर क्रम असा धरा: थर्मिस्टर, मग दीड सेमी शिसं, मग जाड थर, मग ड्रम. शिसं हाताळताना हातमोजे घाला, विटांना ऑइलपेंटचे दोन हात मारा आणि ती खोली डबा खायला वापरू नका. थर्मिस्टर बसल्यावर एका आठवड्याचा कच्चा डेटा मला पाठवा, नेटवर्क न लावलेला. प्रत्येक ओळीत वेळेशेजारी तापमानाचा रकाना असू द्या, आणि पाऊस कधी आला ते वहीत लिहून ठेवा.